पदवी आणि निष्ठा

पदवीदान समारंभांतील भाषणे बहुधा एकमेकांसारखी असतात. पाहुणे बदलतात, मंडप बदलतो. परंतु राष्ट्र, समाज, आईवडील आणि मातृसंस्था ह्या चौघांचे ऋण फेडण्याचा उपदेश तोच राहतो. तो उपदेश चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र हातात पदवीची गुंडाळी घेऊन बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलाच्या मनात त्या वेळी जो प्रश्न घोळत असतो, त्याच्याशी ह्या उपदेशाची गाठ क्वचितच पडते. उद्या सकाळी उठून मी करू काय, आणि जे करीन ते दहा वर्षांनी मला पोकळ वाटणार नाही ह्याची खात्री कशी धरू, हा तो प्रश्न होय. व्यासपीठावरून त्याला उत्तर देणे कठीण, हे आम्ही जाणतो. अग्रलेखातून देणेही सोपे नाही. म्हणून सर्वसामान्य तत्त्वे बाजूला ठेवून आज आम्ही आमच्या वाचकांना, आणि विशेषतः त्यांच्या घरातील नव्या पदवीधरांना, आपल्याच जिल्ह्यातील दोन तालुक्यांत घेऊन जाऊ इच्छितो. एक दौंड आणि दुसरा शिरूर.

पुणेकराला हे तालुके परके नाहीत. पण त्याची ओळख वाटसराची आहे. दौंड म्हणजे गाडी बदलण्याचे जंक्शन, शिरूर म्हणजे अहिल्यानगरच्या रस्त्यावरील घोडनदीचा पूल, आणि अलीकडे रांजणगावचा महागणपती, एवढ्यावर ती संपते. उलट ह्या तालुक्यांची पुण्याशी ओळख फार जवळची आहे. दौंड, पाटस, केडगाव, यवत येथून नोकरदार आणि विद्यार्थी सकाळच्या गाडीने रोज पुण्यास येतात. शिरूर, शिक्रापूर, सणसवाडीकडील रस्त्याने येतात. पुण्याच्या धरणांचे पाणी मुठा कालव्याने दौंडच्या उसाला जाते आणि पुण्याचे सांडपाणी मुळामुठेतून त्याच दौंडच्या शिवारात उतरते. ह्या व्यवहाराचा हिशेब केव्हा तरी स्वतंत्रपणे मांडावा लागेल. तूर्त एवढेच, की ह्या देवघेवीत पुण्याकडे येणारा सर्वांत मोलाचा माल म्हणजे तेथील शिकलेली मुले.

त्या मुलांची आज काय स्थिती आहे? त्यांतील पुष्कळजण सदाशिव आणि नारायण पेठांतील अभ्यासिकांमध्ये बसून स्पर्धा-परीक्षांची तयारी करीत आहेत. एक वर्ष, दोन वर्षे, काहींची पाच वर्षे अशी जातात. जाहिरात लांबते, निकाल लांबतो, गावाकडून येणारा पैसा मात्र दरमहा कोठून तरी उभा करावा लागतो. काहीजण रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर लागतात आणि आपण पदवीधर आहो हे तेथे शक्यतो बोलत नाहीत. अशा तरुणांपुढे उभे राहून त्यागावर प्रवचन झोडणे हा आम्ही अपराध समजतो. बापाने कर्ज काढून शिकविले, बहिणीचे लग्न व्हावयाचे आहे, त्याने आधी नोकरी पाहिली तर त्यात कमीपणा कसला? पोट भरणे हेही कर्तव्य आहे, आणि ते ज्यांचे आयते भरलेले असते त्यांनी ह्या बाबतीत जरा जपून बोलावे.

तरीही पोट भरल्यानंतर प्रश्न उरतोच. तो ज्यांनी सोडविला अशी दोन माणसे ह्या दोन तालुक्यांनी पाहिली आहेत.

त्यांपैकी पहिलीची गोष्ट एका पदवीदान समारंभापासूनच सांगता येते, जरी तो समारंभ अमेरिकेत झाला. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाई जोशी ह्यांना डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हा तो सोहळा पाहण्यास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. आनंदीबाईंना एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापूर संस्थानाने त्यांना नेमणूक देऊ केली होती. पण कामावर रुजू होण्याइतके आयुष्य त्यांच्यापाशी उरले नव्हते. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या दिवशी सभागृहात बसलेल्या रमाबाईंजवळ मात्र विद्यापीठाची पदवी अशी कोणतीच नव्हती. आईने रानावनात हिंडता हिंडता शिकविलेले संस्कृत, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी परीक्षा घेऊन दिलेल्या ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या उपाध्या, एवढेच त्यांचे भांडवल. तीन वर्षांनी, मार्च १८८९ मध्ये, त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ह्याच पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

सदन १८९० मध्ये पुण्यास आले आणि लवकरच वादात सापडले. धार्मिक बाबतीत संस्था तटस्थ राहील असे आश्वासन दिलेले असता मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, हा आक्षेप होता. ‘केसरी’ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनीही संबंध सोडला. आक्षेप घेणाऱ्यांची बाजू अगदीच निराधार होती असे आज सव्वाशे वर्षांनंतरही आम्हांस म्हणवत नाही. पण त्या वादाच्या धुरळ्यात पुण्याने एक गोष्ट नीट पाहिली नाही, आणि येथे आमचा संबंध तिच्याशी आहे.

रमाबाईंनी आयुष्यात फार गोष्टी बदलल्या. धर्म बदलला, देश बदलले, जातीबाहेर लग्न केले, पती गेल्यावर तान्ही मुलगी घेऊन पुन्हा नव्याने उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये ज्या मठाच्या भगिनींनी आश्रय दिला व ज्यांच्या सान्निध्यात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या आज्ञाही त्यांनी मुकाट्याने मानल्या नाहीत. अधिकार कोणाचा आणि सदसद्विवेक कोणाचा ह्यावर त्या भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालला. अशा स्त्रीला निष्ठावंत म्हणावे काय? निष्ठा म्हणजे जेथे जन्मलो तेथे न हलता बसणे, किंवा जो वडीलधारा सांगेल ते ऐकणे, असा अर्थ घेतला तर म्हणता येणार नाही. पण १८७४ च्या दुष्काळात ह्याच रमाबाईंनी सोळाव्या वर्षी अन्नावाचून खंगलेले आईवडील डोळ्यांदेखत गमावले होते, आणि थोरली बहीणही पुढे त्याच हालअपेष्टांत गेली होती. भावाबरोबर अनवाणी देश तुडविणारी ती मुलगी त्यांच्या मनातून कधी गेली नाही. १८९६ च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा त्या मध्यप्रांतात गेल्या आणि रस्त्यावर टाकून दिलेल्या मुलींना घेऊन आल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळात पुन्हा तेच. बाकी सारे बदलले तरी ही एक बांधिलकी बदलली नाही. आम्ही निष्ठा म्हणतो ती हिला.

ह्या मुली ठेवावयाच्या कोठे? दौंड तालुक्यात केडगाव स्टेशनाजवळ रमाबाईंनी थोडी जमीन घेऊन ठेवली होती. फळझाडे लावावीत आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवावे, एवढाच मूळ बेत होता. दुष्काळ आणि पाठोपाठ पुण्यातील प्लेग ह्यांनी तो बेत उलटापालटा केला. विहिरी खणल्या, छपरे उभारली, आणि १९०० नंतर त्या माळावर दीड-दोन हजार स्त्रिया व मुले राहू लागली. मुक्तिसदन ते हेच. त्यांना नुसते अन्न घालून रमाबाई थांबल्या नाहीत. शिवण, विणकाम, शेती, दूधदुभते, शुश्रूषा, शिक्षिकेचे काम असे ज्याचे त्याला शिक्षण दिले. आंधळ्यांना ब्रेल लिपी शिकविली. छापखाना काढला आणि मुलींना खिळे जुळवावयास लावले. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. ते त्यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत चालले. एका स्त्रीने मूळ भाषांवरून भाषांतर करावयाचे आणि दुष्काळातून आलेल्या मुलींनी ते जुळवून छापावयाचे, असे दृश्य त्या काळी पुण्याच्या कोणत्या पेठेत दिसले असते? ते केडगावच्या माळावर दिसत होते. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संस्था आजही तेथे आहे. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसले तर ते स्टेशन वाटेतच लागते.

दुसरा माणूस आपल्या काळातला. पाबळ म्हटले की पुणेकराला मस्तानीची समाधी आठवते, आणि अलीकडील चित्रपटांनी त्या आठवणीला उजाळाही दिला आहे. शिरूर तालुक्यातील ह्या पर्जन्यछायेतल्या गावी १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग आणि त्यांच्या पत्नी मीराबाई राहावयास आल्या. डॉ. कलबाग मुंबईत रसायनतंत्र शिकलेले, अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाचे अन्नतंत्रातील डॉक्टरेट. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत आणि नंतर मुंबईत हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात त्यांनी दीर्घ काळ काम केले होते. निवृत्तीचे वय होण्यापूर्वीच ती नोकरी सोडून त्यांनी जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक ह्यांनी स्थापिलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आश्रयाने पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला. गाव निवडताना सोयी पाहिल्या नाहीत. पाणी कमी, माळरान पुष्कळ, आणि भोवताली असतात तशीच सामान्य खेडी. येथे जमले तर कोठेही जमेल, हा त्यामागील विचार.

आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत शिकविले आहे. भूमितीच्या तासाला खाली मान घालून बसणारा शेवटच्या बाकावरचा मुलगा मधल्या सुटीत सायकलची निसटलेली साखळी क्षणात बसवितो, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. डॉ. कलबागांनी ह्या मुलाचा शास्त्रज्ञाच्या गांभीर्याने विचार केला. मूल चालावयास, बोलावयास शिकते ते करून करून. मग शाळेत गेल्यावरच त्याचे हात का बांधावयाचे? विज्ञान आश्रमात नापास झालेल्या, शाळा सुटलेल्या मुलांना एक वर्ष ठेवून घेऊन जोडकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती व पशुपालन, आरोग्य आणि घरकाम ही कामे शिकविली जाऊ लागली. शिकविण्याची रीत साधी होती. गावाला खरोखर हवे असलेले काम घ्यावयाचे, ते मुलांनी करावयाचे आणि त्याचा खर्चाचा हिशेबही मुलांनीच ठेवावयाचा. जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचा अंदाज सांगणे, घुमटाच्या आकाराची स्वस्त घरे उभारणे, छोट्या शेतकऱ्याला परवडेल असा लहानसा ट्रॅक्टर तयार करणे, अशी कामे ह्या मुलांच्या हातून झाली. शाळांसाठी आठवड्यातून एक दिवस अशाच कामाचा अभ्यासक्रमही आश्रमाने तयार केला आणि तो महाराष्ट्रातील अनेक शाळांत गेला. २००२ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या विख्यात तंत्रशिक्षणसंस्थेच्या सहकार्याने पाबळला जी ‘फॅब लॅब’ निघाली, ती अमेरिकेबाहेरील अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक होय. पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांना जे यंत्र पुढे पुष्कळ वर्षांनी पाहावयास मिळाले, ते पाबळच्या दहावी नापास मुलांनी आधी हाताळले. २००३ मध्ये डॉ. कलबाग गेले. आश्रमाचे काम चालू आहे.

येथे कोणी चतुर वाचक म्हणेल, की डॉ. कलबागांनी आधी मोठ्या कंपनीत उत्तम पगार घेतला आणि पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास खेड्याची वाट धरली. हे बावीस वर्षांच्या पोराला सांगून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. पण तो आमच्या म्हणण्याला बळकटीच आणतो. डॉ. कलबागांनी कंपनीत जे मिळविले त्यात पगाराइतकीच मोलाची एक गोष्ट होती: प्रश्न कसा मांडावा, प्रयोग कसा करावा, खर्च कसा मोजावा ह्याची शिस्त. तीच त्यांनी पाबळला नेली. रमाबाईंनी आईचे संस्कृत टाकून दिले नाही. त्या व्याकरणाच्या तालमीवरच हिब्रू उभी राहिली. दोघांनीही शिकलेले विद्याधन जुन्या कपड्यासारखे उतरवून ठेवून ‘सेवा’ नावाची वेगळी वस्तू हाती घेतली नाही. आजचा रसायनाचा पदवीधर कुरकुंभच्या कारखान्यात लागला तर त्याने खुशाल लागावे. मात्र सांडपाण्याचे पृथक्करण त्याला शिकविलेले आहे आणि त्याच्या गावच्या विहिरीचे पाणी बदलले आहे, ह्या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींना कधी भेटतात की नाही, हे त्याने स्वतःला विचारावे.

दुसरी बाब काळाची. केडगावी रमाबाईंनी सुमारे पाव शतक घालविले, डॉ. कलबागांनी पाबळला वीस वर्षे. वीस वर्षांचा हा हिशेब पुण्याला नवा नाही. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आजीव सभासदांना पंचाहत्तर रुपये वेतनावर वीस वर्षे शिकविण्याचा करार पाळावा लागे, आणि गोपाळ कृष्ण गोखले तो पुरा करूनच १९०२ मध्ये बाहेर पडले. तरुणांनी आज असा करार करावा असा आमचा आग्रह नाही. दर दोन वर्षांनी नोकरी बदलली तरच पगार वाढतो, अशी व्यवस्था ज्यांनी निर्माण केली त्यांनी तरुणांना अस्थिर म्हणून नावे ठेवावीत, हा तर शुद्ध कांगावा होय. परंतु काही कामे अशी असतात की त्यांची पहिली पाच वर्षे नुसती विश्वास मिळविण्यात जातात. गाव नवख्या माणसाला ओळखण्यास वेळ घेते. विहिरीचे पाणी, मुलीचे शिक्षण, उसाचा खोडवा, बिबट्याच्या भीतीने संध्याकाळनंतर ओस पडणारी वस्ती, ह्या गोष्टी दोन वर्षांच्या मुक्कामात समजत नाहीत. आयुष्यात अशा एखाद्या तरी कामाशी दीर्घ काळ राहिल्याशिवाय आपण काय केले ह्याचे उत्तर माणसाला स्वतःलाही देता येत नाही, असे आमचे मत आहे.

आणि आता थोडे आमच्या नेहमीच्या वाचकांविषयी, म्हणजे पदवीधरांच्या आईवडिलांविषयी. शिरूर-दौंडमधील शेतकरी बाप मुलाला सांगतो, ‘बाबा रे, शिकलास ना, आता माघारी येऊ नकोस.’ त्याचे दुःख समजण्यासारखे आहे. उसाला पाणी मिळेल की नाही आणि कांद्याला भाव मिळेल की नाही ह्या विवंचनेत त्याचे आयुष्य गेले. पण पुण्यातील मध्यमवर्गीय घरात तरी वेगळे काय चालते? मुलीसाठी स्थळ पाहताना शेतकरी नको, खेड्यातला शिक्षक नको, तालुक्याच्या गावचा डॉक्टरही शक्यतो नको, ही यादी कोण तयार करतो? मुलाने पाबळसारख्या ठिकाणी दोन वर्षे काम करावे म्हटले, तर ‘मग लग्नाचे काय?’ हा पहिला प्रश्न कोणाच्या तोंडून येतो? तरुणांच्या ध्येयशून्यतेवर वर्तमानपत्राकडे पत्रे लिहिणारे गृहस्थ ह्या प्रश्नांचे उत्तर आपल्या दिवाणखान्यात शोधतील तर बरे. पदवीधर मुलगा कित्येकदा तयार असतो. घर तयार नसते.

खेड्याला आज एकट्याच्या आत्माहुतीपेक्षा नियमित येणाऱ्या माणसांची गरज अधिक आहे. दरसाल गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबे येतात आणि त्यांची मुले फडाच्या कडेला खोपटात वाढतात. त्यांची शाळा ऑक्टोबरमध्ये सुटते ती काहींची कायमचीच. त्यांना वाचावयास शिकविण्यासाठी पीएच.डी. लागत नाही. केडगाव-यवतच्या पट्ट्यात ठिकठिकाणी गुऱ्हाळे आहेत. त्यांच्या चुलाणांत काय जळते, धूर कोणाच्या घरात शिरतो आणि कमी इंधनात तेवढाच रस कसा आटेल, हा अभियांत्रिकीच्या पदवीधराला पुरून उरणारा विषय आहे. वाणिज्याच्या पदवीधराने एखाद्या बचतगटाच्या बायकांना व्याजाचा हिशेब करून दाखविला, तर सावकाराची कागदपत्रे त्यांच्या त्यांना वाचता येतील. ज्यांना पुण्यातली नोकरी सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी पाबळच्या अभ्यासक्रमातला आठवड्याचा एक दिवस हे माप आम्हांस व्यवहार्य वाटते. रविवारीही दौंडला गाड्या जातात. शिरूरची एस. टी. तर दिवसभर मिळते. जूनच्या मध्याला शाळा उघडतात. पहिल्या आठवड्यात कोणत्याही गावच्या मुख्याध्यापकांना भेटून, आठवड्याचा अमुक दिवस मी येईन आणि वर्षभर येईन, असे सांगितले तर ते सुरुवातीला विश्वास ठेवणार नाहीत. असे सांगून तीन आठवड्यांत नाहीसे झालेले अनेक उत्साही तरुण त्यांनी पाहिलेले असतात. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा पुन्हा भरेल, तेव्हा ते विज्ञानाच्या कपाटाची किल्ली स्वतःहून हातात देतील.